रानातल्या गुरांची विचारपूस

अकोले तालुक्याच्या पश्चिमेस, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या डोंगररांगांत, डांगी गुरे पिढ्यानपिढ्या मोकळी चरत आली आहेत. तेलकट कातडीमुळे त्यांना मुसळधार पाऊस सोसतो आणि काळ्या, टणक खुरांमुळे खडकाळ वाटेवर ती डगमगत नाहीत. भातखाचरांच्या चिखलात राबणारा बैल याच जातीचा. अशा जातीचे जतन नुसते गोठ्यात बांधून होणार नाही. जिने तिला घडविले त्या डोंगरभूमीतच, चराईचे नियम पाळून, ती वाढावयास हवी. परंतु मोकळे सोडणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे.

‘डांगी जनावर काटक, त्याला काय होणार?’ असे पुष्कळदा ऐकू येते. हा समज घातक आहे. पाऊस सोसणारे जनावर रोगही सोसेलच असे नाही. उलट, काटक जनावर दुखणे अंगावर काढते व कळपाबरोबर चालत राहते. ते मागे पडलेले दिसेपर्यंत उपचाराची वेळ बहुधा टळून गेलेली असते. घटसर्पात गळा सुजतो, श्वास घरघरतो आणि एका दिवसातही जनावर दगावू शकते. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ जिल्ह्यात पसरली, तेव्हा अंगावरची पहिली गाठ वेळीच दिसणे किती मोलाचे असते, हे पशुपालकांनी अनुभवले आहे.

यासाठी फार खर्च लागत नाही. सायंकाळी गुरे परतताना ती मोजावीत. कोणते जनावर एकटे उभे आहे, कोणाचे कान पडले आहेत, कोण रवंथ करीत नाही, कोणाची डावी कूस खोल गेली आहे, हे पाहावे. आठवड्यातून एकदा प्रत्येक जनावर जवळ घेऊन खुरांच्या बेचक्या, नाकपुड्या, कासेजवळील गोचिड आणि जखमा तपासाव्यात. घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी. ओढे भरल्यावर वाड्यांपर्यंत पोहोचणे कठीण होते.

या कामी गुराख्याचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही. वसुबारसेस डोंगरी गावांत वाघबारस साजरी होते, तेव्हा त्याचा मान राखला जातो; एरवी मात्र ‘तांबडी आज चरली नाही’ हे त्याचे शब्द कोणी मनावर घेत नाही. वस्तुतः रोगाची पहिली वार्ता त्याच्याकडेच असते. ग्रामकार्यकर्त्याने प्रत्येक वाडीत एक वही ठेवावी. तीत गुरांची संख्या, कानातील बिल्ल्याचा क्रमांक व गुराख्याने सांगितलेला फरक नोंदवावा. पशुधन पर्यवेक्षकाने जनावर दवाखान्यात येण्याची वाट न पाहता ठरल्या दिवशी चराईच्या जागी जावे.

राजूरच्या प्रदर्शनात उत्तम डांगी वळूस बक्षीस मिळते, ते योग्यच आहे. आमच्या मते, पावसाळा संपल्यावर ज्या वाडीचा कळप धडधाकट आणि भरल्या संख्येने परतला, तिच्या गुराख्याचाही तेथे सत्कार व्हावा. सुंदर वळू जातीची शोभा वाढवितो; परंतु जात टिकते ती रोज सायंकाळी गुरे मोजणाऱ्या माणसामुळे.