चीज घ्या, पण पैशाचे चीज होऊ द्या

वस्तीत कोण राहते हे जाणून घ्यायचे असेल, तर तिथल्या दुकानाच्या फ्रीजमध्ये डोकावावे. जुहू स्कीममधल्या मोठ्या दुकानांत गौडा, फेटा, पार्मेझान, ब्री अशा नावांची रांग लागलेली असते. तिथून थोडे चालून नेहरूनगर किंवा जुहू कोळीवाड्याकडे गेले, की त्या रांगेचे तीन प्रकार उरतात : चौकोनी क्यूब, स्लाइस आणि डबीतले स्प्रेड. घाटकोपर-मुलुंडच्या डेअऱ्यांत पिझ्झासाठीच्या मोठ्या वड्या दिसतात, कारण तिथे डोशापासून सँडविचपर्यंत सगळ्यावर चीज किसले जाते. दक्षिण मुंबईतल्या पारशी मंडळींचे टोपली पनीर मात्र आमच्या उपनगरात सहसा दिसत नाही.

मुंबईबाहेर हा फरक आणखी वाढतो. कोलकात्याच्या न्यू मार्केटमध्ये बंडेल आणि कालिम्पाँगचे चीज मिळते. जम्मूकडे कलाडी तव्यावर भाजून खातात. दार्जिलिंग-सिक्कीमकडे छुर्पीचा दगडासारखा कडक तुकडा तासन्‌तास चघळतात. आपण महाराष्ट्रीय माणसे दही, ताक, लोणी, श्रीखंडाचा चक्का आणि खरवस यांत तृप्त होतो. आपल्याकडे दूध नासले की गृहिणीचा जीव हळहळतो. मुद्दाम नासवून पनीर करण्याची रीत आपल्या घरांत आली ती पंजाबी हॉटेलांच्या पदार्थांमागून. चीज आले ते तर थेट डब्यातून. आणंदच्या अमूलने म्हशीच्या दुधापासून चीज बनवून दाखवले आणि ते आपल्या घराघरांत पोहोचले.

यात डॉक्टरने लक्ष घालण्यासारखे काय आहे, असे वाचक विचारतील. लक्ष घालावे लागते, कारण दुकानात जे असते तेच घरात येते आणि घरात येते तेच मुलांच्या पोटात जाते. ‘डॉक्टर, मुलाला रोज चीज दिले तर ताकद येईल ना?’ हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. ‘कोणते चीज?’ असे विचारले, की उत्तर ठरलेले : ‘आमच्या दुकानात मिळते ते.’

छोट्या दुकानात मिळते ते प्रोसेस्ड चीज. १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये ही युक्ती निघाली. तयार चीज वितळवायचे, त्यात सोडियमयुक्त क्षार घालून ते एकजीव करायचे आणि गरम असतानाच बंद करायचे. असे चीज महिनोन्‌महिने टिकते. शीतपेयांच्या बाटल्यांशेजारी ज्याचा एकच फ्रीज आहे, त्या दुकानदाराला हेच परवडते. ब्रीसारखे नाजूक चीज तो ठेवेल कशाला? ते विकले जाण्याआधीच खराब व्हायचे. म्हणजे माल ठरतो तो दुकानदाराच्या हिशेबाने. त्यात त्याचा दोष नाही. पण तो हिशेब म्हणजे आहारसल्ला नव्हे, हे गिऱ्हाइकाने ओळखले पाहिजे.

मुख्य अडचण मिठाची आहे. प्रोसेस्ड चीजच्या २० ग्रॅमच्या एका स्लाइसमधून साधारण पाऊण ग्रॅम मिठाइतके सोडियम पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. लोणचे, पापड, फरसाण आणि पाव यांतूनच आपण ती मर्यादा कधी ओलांडतो ते कळत नाही. वर चीज पावभाजी किंवा चीज टोस्ट सँडविच झाले, की रक्तदाबाच्या रुग्णाने भाजीत मीठ कमी घातले काय आणि न घातले काय! हे चीज मऊ आणि दुधाळ लागते म्हणून त्यातला खारटपणा जाणवत नाही. ‘मी मीठ वरून घेतच नाही’ असे सांगणारे रुग्ण म्हणूनच गोंधळतात.

मग जुहूच्या मोठ्या दुकानातले महागडे चीज चांगले का? तसेही नाही. फेटा खारवणीत ठेवतात आणि पार्मेझानही चांगलेच खारट असते. किंमत चौपट झाली म्हणून सोडियम कमी होत नाही. उलट या फळीवर वेगळे धोके आहेत. ब्रीसारख्या मऊ चीजमधून, विशेषतः ते कच्च्या दुधाचे असेल तर, लिस्टेरिया नावाच्या जंतूंची बाधा होऊ शकते. गर्भवतीने ते टाळावे, कारण बाधा आईला किरकोळ वाटली तरी बाळाला भोवते.

दुसरी गोष्ट आपल्या शहराच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. क्षयरोगावरचे आयसोनियाझिड चालू असताना जुने, मुरलेले चीज खाल्ले, तर काही रुग्णांचा चेहरा लाल होतो, डोके ठणकते, छाती धडधडते. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी लिनेझोलिड दिले जाते. त्याच्या जोडीला असे चीज आले तर रक्तदाब एकदम चढू शकतो. क्षय केवळ झोपडपट्टीत होतो हा समज चुकीचा आहे. तो बंगल्यांतही होतो आणि मुरलेले चीजही बंगल्यांतच खाल्ले जाते. अशा वेळी बंद करायचे ते चीज. गोळ्या मुळीच बंद करायच्या नाहीत.

तिसरा धोका ज्यांचा हात आखडता आहे त्यांच्या वाट्याला येतो. दुधातल्या स्निग्धांशाऐवजी पामतेलासारखे स्वस्त वनस्पती तेल वापरून चीजसारखा दिसणारा पदार्थ तयार करतात. त्याला अ‍ॅनालॉग म्हणतात. पाकिटावर तसे लिहिलेले असेल तर निदान कळते. पण सुट्या विकल्या जाणाऱ्या वडीवर किंवा गाडीवर किसलेल्या ढिगावर काय वाचणार? पनीरचेही तेच. घामाचा पैसा दुधासाठी मोजायचा आणि घरी तेल आणायचे, हे मला अन्यायाचे वाटते.

चीज वाईट आहे असा याचा अर्थ नाही. त्यात प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असते. दूध पचत नाही अशा काहींना मुरलेले चीज सोसते, कारण त्यात दुधातली साखर जवळजवळ उरत नाही. पण कॅल्शियमसाठी म्हणून रोज क्यूब विकत घेणाऱ्या मातांना मी सांगतो, की २०० मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. २५ ग्रॅमच्या क्यूबमधून त्याहून कमीच मिळते आणि वर मीठ येते. दही, ताक आणि नाचणीची भाकरी या बाबतीत कोणत्याही परदेशी नावापुढे मान खाली घालणार नाहीत.

वाचकांनी एवढे पथ्य पाळावे :

१. पाकिटावर सोडियमचा आकडा पाहावा. दोन पाकिटांत कमी आकड्याचे घ्यावे.

२. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर चीज रोज खाऊ नये. ताज्या, बिनमिठाच्या पनीरमध्ये सोडियम बरेच कमी असते. मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णांनी त्याचे प्रमाणही डॉक्टरांना विचारून ठरवावे.

३. ‘अ‍ॅनालॉग’ हा शब्द आणि घटकांतले वनस्पती तेल शोधावे. १४ आकडी परवाना क्रमांक नसलेले पाकीट घेऊ नये.

४. शाकाहारी मंडळींनी हिरवा ठिपका पाहावा. चीज विरजण्यासाठीचे रेनेट पूर्वापार वासराच्या जठरातून काढत. आपल्याकडच्या कंपन्या सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले वापरतात.

५. मुलाच्या डब्यात चीज आठवड्यातून एखाद-दोन दिवस पुरे.

माझे एक मागणे दुकानदारांकडे आणि एक सरकारकडे आहे. दुकानदारांनी गरीब वस्तीतही क्यूबच्या शेजारी ताजे दही आणि पनीर ठेवावे; मागणी केली तर ते ठेवतात, म्हणून गिऱ्हाइकांनी मागावे. सरकारने सोडियमचा आकडा पाकिटाच्या पुढच्या बाजूला, आजीलाही चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापायला लावावा. तोपर्यंत आपल्या गल्लीतल्या फ्रीजमध्ये जे आहे त्यातून निवड करायची आहे, ती पाकिटावरच्या चित्रापेक्षा मागच्या बारीक अक्षरांवर भिस्त ठेवून करावी.