गळ नंतर, आधी नटबोल्ट!

‘काहीही लिही, पण टेक्निकल लिही आणि मराठीत लिही,’ असा मराठी विभागाच्या संपादकांचा हुकूम आहे. मी पडले कॉन्व्हेंटची, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी त्यांची! विषय मात्र माझा. तळ्यात ट्रोलिंग करण्यासाठी छोटी बोट कशी सज्ज करावी?

हसू नका. हे इंटरनेटवरचं ट्रोलिंग नाही, आणि आपल्या कोकणातले ट्रॉलर जाळं ओढतात तेही नाही. चालत्या बोटीमागे गळ ओढत न्यायचा आणि माशाने झडप घालायची वाट बघायची, ते हे ट्रोलिंग.

माझा मामा अमेरिकेत, मिशिगन राज्यात असतो. २०२४ च्या जूनमध्ये मी त्याच्याकडे गेले तेव्हा त्याने नुकतीच सोळा फुटी सेकंडहँड अॅल्युमिनियमची बोट घेतली होती. मनसुबा मोठा, मिशिगन सरोवरातला चिनूक सॅमन धरायचा. हा मासा मूळचा पॅसिफिकचा. सरोवरात अॅलवाइफ नावाचे परके मासे बेसुमार वाढले, तेव्हा त्यांना खायला १९६७ मध्ये राज्याने तो मुद्दाम सोडला. उन्हाळ्यात तो थंड पाण्यासाठी खोल जातो. तिथवर गळ न्यायला डाउनरिगर लागतो. डाउनरिगर म्हणजे बोटीच्या काठावर बसवलेला छोटा रहाट, त्याला तार आणि तारेला साधारण दहा पौंडांचा गोळा. गळाची दोरी गोळ्याजवळ चिमट्यात अडकवायची. मासा लागला की ती सुटते आणि पुढची झटापट थेट तुमच्या रॉडवर.

मामाने आधी काय घेतलं? मासे दाखवणारा स्क्रीन! डाउनरिगर पातळ पत्र्यावर चार स्क्रूंनी बसवून टाकला. मी जरा कुरकुरले तर म्हणाला, “अगं, दहा पौंडांच्या गोळ्याला एवढं काय?”

मोठ्या सरोवराआधी रंगीत तालीम म्हणून आम्ही शेजारच्या मस्कीगन तळ्यात उतरलो. एकोणिसाव्या शतकात या तळ्याकाठी लाकूड कापायच्या गिरण्यांची रांग होती. आमचा गोळा तळाशी कशात तरी अडकला, बहुतेक जुन्या ओंडक्यात. ब्रेक मामाने गच्च आवळलेला. बोट पुढे, तार मागे... मागचा कोपरा खाली गेला आणि पाणी आत! मामा इंजिन बंद करायला धडपडतोय तोवर स्क्रू पत्र्यासकट फाटून निघाले आणि डाउनरिगर तळ्यात गेला. खरं तर तो गेला म्हणूनच आम्ही वाचलो. पत्रा मजबूत असता तर? हा विचार मला रात्री आला, आणि मग झोप काही आली नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. लोड दहा पौंडांचा नाहीच. गोळा अडकला की चालत्या बोटीचा सगळा जोर त्या एका कोपऱ्यावर येतो. म्हणून पत्र्याच्या आतून जाड बॅकिंग प्लेट आणि आरपार बोल्ट हवेत, पण त्याआधी ब्रेक इतका सैल हवा की अडकताच तार सरसर सुटावी. तार तोडायची पक्कड हाताशी असावी, डब्याच्या तळाशी नाही. एसओएममध्ये कॅन्टिलिव्हरची गणितं आपण पानंच्या पानं सोडवतो, पण लोड कुठून येणार हे कोणी विचारत नाही!

दुसरी गोष्ट वजनाची. मोटर मागे, बॅटरी मागे, पेट्रोलची टाकी मागे आणि मासा लागला की दोन्ही माणसंही मागेच. बॅटरी आणि टाकी पुढे सरकवली तर मागचा काठ पाण्यापासून चांगला वर राहतो. तिकडे वीस फुटांखालच्या मोटरबोटींवर किती वजन चालेल याची पट्टी असते. ती वाचायला पैसे पडत नाहीत.

किल स्विचची दोरी अंगाला अडकवावी, म्हणजे माणूस पडला की इंजिन बंद. १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत २६ फुटांखालच्या, असा स्विच असलेल्या बोटींना वेगात असताना ती सक्तीची आहे. ट्रोलिंगच्या हळू वेगाला सक्ती नाही. मला हे पटत नाही. कारण त्याच वेळी तर माणूस उभा राहून काठावरून वाकलेला असतो!

रॉड होल्डर वगैरे सावकाश ठरवा. एक युक्ती मात्र मला फार आवडली. बोट वळवली की आतल्या बाजूचा गळ मंदावतो, बाहेरचा वेग घेतो. मासा कुठल्या रॉडला लागतो त्यावरून वेग कमी करायचा की वाढवायचा ते कळतं. मोटर तेवढी हळू चालत नसेल तर बोटीमागे पाण्यात कापडी पिशवी सोडतात, ती पॅराशूटसारखी ओढ देते. किती सोपं!

ऑगस्टमध्ये मामाने फोटो पाठवला. नवा डाउनरिगर, खाली जाड प्लेट, स्टीलचे बोल्ट, बॅटरी पुढे. लाइफ जॅकेट घातलेलं, लाल दोरी पायाला. मासा? फोटोत नव्हता. मामीने खाली लिहिलं होतं, “कालवण दुकानातल्या माशाचंच केलंय.”