तालीम नसलेला प्रवेश

गणेशोत्सवातल्या एकअंकी फार्सासाठी आपण महिनाभर तालमी करतो. नोकराचे काम करणाऱ्या गृहस्थाला वाक्य एकच, 'साहेब, चहा'. पण तेही त्याच्याकडून वीसदा म्हणवून घेतले जाते. आणि ज्या प्रवेशात माणूस खरोखरच मरणाच्या दारी असतो, तो मात्र आपले दवाखाने तालमीवाचून, परमेश्वराच्या भरवशावर वठवायला निघतात!

मोठ्या इस्पितळांविषयी मी बोलत नाही. माझे भांडण आहे ते गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्याशी. एक डॉक्टर, एक कंपाउंडर, नावे लिहून घेणारी मुलगी आणि झाडलोट करणाऱ्या मावशी, एवढाच तिथला संसार. सर्दी-खोकल्याच्या रांगेतला पन्नाशीचा गृहस्थ एकाएकी बाकावरून घसरतो. किंवा इंजेक्शन घेऊन बाहेर आलेल्या बाईंच्या अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, श्वास लागतो. हे प्रथम पाहते कोण? डॉक्टर नव्हेत; ते पडद्याआड कुणाचे तरी पोट तपासत असतात. पाहते ती नावे लिहिणारी मुलगी, आणि तिला आजवर शिकवले काय, तर नंबर लावणे आणि पैसे घेणे! मग धावाधाव. कपाटाची किल्ली मावशींच्या कनवटीला, मावशी पाणी भरायला, आणि अ‍ॅड्रिनालिनची कुपी सापडली तर तिची मुदत गेल्या दिवाळीलाच संपलेली.

हृदय एकाएकी थांबले, आणि छाती दाबली गेली नाही, विजेचा झटकाही मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. मोठ्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावी लागते. घसा आवळलेल्या त्या बाईंना अ‍ॅड्रिनालिन हवे, तेही मांडीच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूत, ताबडतोब. हे डॉक्टरांना पाठ असते. पण पाठ असणे निराळे आणि हात चालणे निराळे, हे पोहायला शिकलेल्या कुणालाही विचारा.

१९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या मंडळींनी छाती बाहेरून दाबण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच सुमारास नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्दाल नावाच्या खेळणी करणाऱ्या कारखानदाराने त्या सरावासाठी माणसाएवढी बाहुली घडवली. खेळणीवाल्याला जे उमगले ते औषधवाल्यांच्या गळी अजून उतरू नये, याला काय म्हणावे?

'१०८ आहे की!' असे उत्तर येते. आहे, महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि फार मोलाची आहे. पण ती गाडी दिवाळीच्या बाजारातून वाट काढीत येईतो दवाखान्यातल्या चार माणसांनी काय करायचे? 'बाहुली महाग पडते.' मग बाहुली नको. कंपाउंडरने रोगी व्हावे, जिवंत छातीऐवजी घट्ट उशी दाबावी, सिरिंज रिकामी असावी आणि एकाने घड्याळ धरावे. 'आम्ही शिबिराला जाऊन आलो.' कोण गेले? एकटे डॉक्टर! प्रमाणपत्र भिंतीवर टांगले; पण डॉक्टर इंजेक्शन भरीत असताना भिंत छाती दाबणार आहे काय? तालीम व्हायला हवी ती त्याच अरुंद खोलीत, त्याच चौघांची, न सांगता, आणि दर दोन-तीन महिन्यांनी. कारण आलेली कला सरावाविना जाते.

खर्च आणि वेळ या साऱ्या सबबी आहेत. खरे दुखणे निराळेच. तालीम संपल्यावर चौघांनी बसून काय चुकले ते बोलायचे असते. तिथे मावशी म्हणणार, 'डॉक्टरसाहेब, तुम्ही एकदम तीन कामं सांगितलीत, मला एकही कळलं नाही.' हे ऐकून घ्यायची आपल्या पांढऱ्या कोटाची तयारी नाही! नोकरमाणसांपुढे आपली गडबड उडालेली दिसू नये, एवढ्यासाठी ती खऱ्या रोग्यापुढे उडू द्यायची, असा हा मानपान आहे.

फराळाने बिघडलेली पोटे घेऊन आपण सारे येत्या आठवड्यात तिथेच जाणार आहोत. चिठ्ठी हातात घेता घेता विचारा: मागची तालीम कधी झाली, किल्ली कुणाकडे, आणि कुपीवरची तारीख कोणती? डॉक्टर रागावले तर रागावू देत.