आधी कोणाला तपासायचे?

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी हल्ली जो तो बोलतो. कोणी म्हणतो, हे यंत्र सर्व रोग बरे करील. कोणी म्हणतो, मानवजातीचा नाश करील. मार्च २०२३ मध्ये नामांकित शास्त्रज्ञांनी व उद्योगपतींनी सह्या करून ‘सहा महिने थांबा’ असे आवाहन केले. थांबले कोणीच नाही. दोनच महिन्यांनी एका वाक्याचे निवेदन निघाले की, हा धोका महामारी व अणुयुद्ध यांच्या तोडीचा मानावा. त्याखाली ही यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांच्याही सह्या होत्या! आग लागेल म्हणून ओरडायचे आणि हातातली काडी टाकायची नाही, यास काय म्हणावे?

आम्ही पेशाने परिचारिका, आता निवृत्त. अपघात विभागात पहिला धडा मिळतो तो हा की, मोठ्याने ओरडणारा रोगी सर्वांत अत्यवस्थ असतोच असे नाही. त्याचा श्वास चालू आहे, एवढे तरी कळते. कोपऱ्यात गप्प पडलेल्याकडे आधी धावावे लागते. या वादातला गप्प रोगी कोण, हे आम्हां नेदरलंड्सवासीयांना दूर शोधावयास नको.

येथे नोकरी करणाऱ्या आईबापांना पाळणाघराच्या खर्चासाठी सरकारी भत्ता मिळतो. कोणाचा अर्ज संशयास्पद, हे निवडण्यासाठी कर खात्याने २०१३ पासून स्वतः शिकत जाणारी संगणकप्रणाली वापरली. तिच्यात एक प्रश्न असा होता : अर्जदार डच नागरिक आहे की नाही? नसेल तर संशयाचे गुण वाढत. जास्त गुणांचा अर्ज कारकुनाच्या टेबलावर येई. पण तो का आला, हे कारकुनालाही ठाऊक नसे. मग एखादी सही राहिली, एखादा कागद कमी पडला, तरी सगळी रक्कम परत मागितली जाई. हजारो कुटुंबे कर्जात बुडाली, संसार मोडले, कित्येकांची मुले आईबापांपासून दूर ठेवली गेली. अखेर १५ जानेवारी २०२१ रोजी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

सगळा दोष यंत्राचा नव्हे. कायदाही निर्दय होता, आणि तो प्रश्न यंत्राला माणसांनीच शिकवला. आमचे म्हणणे नेमके तेच आहे. आपले पूर्वज कोकणात तेल गाळीत. घाण्यात जे बी घालाल त्याचेच तेल निघते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. येथे संशयाचे बी घातले, संशयाचे तेल निघाले. आणि जी झापड बैलाच्या डोळ्यांना बांधायची, ती कारकुनाच्या डोळ्यांना बांधली!

वॉर्डात इंजेक्शन कोणी दिले, किती वाजता, कोणाच्या हुकमाने, हे चार्टवर लिहून सही करावी लागते. औषध चुकले तर ‘ट्रॉलीने दिले’ असे उत्तर कोणत्या मेट्रनने ऐकून घेतले असते? पण सरकारी कचेरीत ‘संगणकाने ठरवले’ हे उत्तर चालते.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. स्वीडनमध्ये ऐंशी हजारांवर स्त्रियांच्या स्तनतपासणीत अशा यंत्राची मदत घेतली. २०२३ मध्ये निष्कर्ष आला की, फोटो वाचण्याचे काम ४४ टक्क्यांनी घटले आणि कर्करोग सापडण्यात उणीव आली नाही. मात्र फोटो पाहणारा डॉक्टर तेथे होताच. असे काम जितके होईल तितके हवेच.

आमचे एनस्खेडे एके काळी कापडगिरण्यांचे शहर. आता त्वेंते विद्यापीठाचे. प्रगती कोणाला थांबवता येत नाही, असे येथे तरुण मंडळींकडून नेहमी ऐकू येते. का बरे? गोरगरिबांच्या वस्त्यांतील कुटुंबांची माहिती एकत्र करून संशयित शोधणारी ‘सीरी’ नावाची सरकारी प्रणाली हेगच्या न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२० रोजी बंद पाडली. देश बुडाला नाही.

युरोपचा नवा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. सरकारी मदतीस कोण पात्र, हे ठरवणारी यंत्रे त्याने मोठ्या जोखमीची मानली. त्यांच्यावरचे कडक नियम ऑगस्ट २०२६ पासून लागू व्हावयाचे ठरले होते. परंतु नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानेच प्रस्ताव मांडला की, ते डिसेंबर २०२७ पर्यंत पुढे ढकलता यावेत. म्हणे उद्योगांना तयारीस वेळ हवा. त्या आईबापांना कोणी वेळ दिला होता? ओरडणाऱ्याला खाट मिळाली, गप्प पडलेला पुन्हा बाकावर!

युरोपात राहणाऱ्या आपल्या समाजबांधवांना एक सुचवावेसे वाटते. केवळ यंत्राने घेतलेला महत्त्वाचा निर्णय नाकारण्याचा आणि माणसाकडून तो तपासून घेण्याचा हक्क येथे २०१८ पासून कायद्याने आहे. त्यास अपवाद थोडे. कचेरीचे नकाराचे पत्र आले तर घाबरून पैसे भरू नयेत. निर्णय कोणत्या माणसाने घेतला व कशाच्या आधारे, हे लेखी विचारावे. भाषेची अडचण असल्यास मुलानातवंडांकडून पत्र लिहून घ्यावे, त्याची एक प्रत जपून ठेवावी, आणि उत्तर न आल्यास पुन्हा लिहावे.