व्हाइट की रेड?

प्रत्येक उपनगरात एक तरी इटालियन रेस्टॉरंट असं असतं, की इटलीचा माणूस चुकून आत शिरला तर नुसतं पाणी पिऊन बाहेर पडेल. आमच्या पार्ले ईस्टमध्येही आहे. नाव सांगणार नाही. एक तर मालक काकांना ते आवडणार नाही, आणि तुमच्या स्टेशनजवळही तसलंच एक असणार, तेच डोळ्यांसमोर आणा ना! हिरवा-पांढरा-लाल बोर्ड, त्यातल्या हिरव्याचा आता पोपटी झालेला. आत मोजून आठ टेबलं. टेबलांवर लाल-पांढऱ्या चौकड्यांचं रेक्झिन, कोपऱ्यांवर फाटून आतलं कापड दाखवणारं. एका टेबलाचा पाय तोकडा, त्याखाली जुन्या केओटीची घडी. एसी आहे, पण एसीखाली बालदीही आहे, आणि बालदीशेजारचं टेबल कायम सगळ्यात शेवटी भरतं.

भिंतीवर अर्थातच पिसाचा मनोरा. उन्हाने फोटोतले बाकीचे रंग खाऊन टाकलेत, निळा तेवढा उरलाय. गंमत म्हणजे फ्रेम खिळ्यावर अशी कलंडलीये, की मनोरा बरोब्बर सरळ दिसतो. खुद्द पिसावाल्यांना तो जरासा सरळ करायला केवढा खटाटोप करावा लागला! १९९० मध्ये मनोरा लोकांसाठी बंद केला, एका बाजूची माती थोडी थोडी उपसून त्याचा कल कमी केला आणि थेट २००१ च्या डिसेंबरात पुन्हा उघडला. आमच्या काकांनी एका खिळ्यात भागवलं. खाली कपाटावर गवती वेष्टणाची, गोल पोटाची कियांतीची रिकामी बाटली आहे. दारूचं लायसन्स नाही, त्यामुळे बाटलीत मनीप्लांट!

इथली ऑर्डर एकाच प्रश्नात उरकते. वेटर मामा येतात, पाण्याचे ग्लास ठेवतात आणि विचारतात, ‘व्हाइट की रेड?’ वाइन नव्हे हो, सॉस! ज्यांना ठरवता येत नाही त्यांच्यासाठी दोन्ही मिसळून पिंक. मेन्यूकार्डावर पेने, स्पगेटी, फुसिली असे सगळे आकार आहेत; प्रत्यक्षात ज्याचं पाकीट फोडलं असेल ते मिळतं. शेवटच्या पानावर सिझलर आणि हक्का नूडल्स, कारण ग्रुपमध्ये एक जण तरी ‘मला ते चीजबिज नको’ म्हणणारा असतोच. आणि हो, जैन अराबियाता. अराबियाता म्हणजे इटालियनमध्ये रागावलेली. टोमॅटो, लसूण आणि सुकी मिरची, असा तिचा फंडा. लसूण काढून घेतल्यावर ती नुसतीच रुसलेली लागते, पण पार्ल्यात तिचा खप जबरदस्त आहे.

मामांचा एक गुण मात्र पंचतारांकित आहे. ते खरं बोलतात. ‘मशरूम आज नको, ताई.’ बस, एवढंच. कारण सांगत नाहीत, आपणही विचारायचं नाही.

आता खाण्याकडे वळूया. ‘अल्फ्रेडो’ नावाखाली जे येतं, ते मैदा लोण्यावर परतून, दूध घालून, वर चीज किसून केलेला पांढरा सॉस. मूळ अल्फ्रेडो हा खराखुरा माणूस होता. अल्फ्रेडो दि लेलिओ, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा रोममधला हॉटेलवाला. त्याच्या पास्त्यात फक्त लोणी आणि पार्मेजान. ना मैदा, ना क्रीम. मूकपटांच्या जमान्यातले हॉलिवूड स्टार मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स रोममध्ये त्याच्या हातचं खाऊन एवढे खूश झाले, की त्याला सोन्याचा काटा-चमचा दिला. तिथून ही डिश अमेरिकेत गेली, तिथे तिच्यात क्रीम शिरलं, आणि आपल्याकडे पोचेपर्यंत क्रीमच्या जागी मैदा आला. मैद्याचा पांढरा सॉस इटलीतही असतो म्हणा, पण तो लझानियाच्या थरांमध्ये. म्हणजे आपण ज्याला अल्फ्रेडो म्हणून मिटक्या मारतो, तो आईच्या ‘बेक्ड व्हेजिटेबल’चाच चुलतभाऊ. मला विचाराल तर म्हणूनच तो आपल्याला एवढा आवडतो.

तिरामिसू मूळचं उत्तर इटलीतल्या त्रेविझोचं. कॉफीत भिजवलेली बिस्किटं आणि मस्कारपोने चीज. काकांकडे ग्लुकोजची बिस्किटं, इन्स्टंट कॉफी आणि फेटलेली साय. ज्या पार्ल्यात २०१६ पर्यंत गल्लीगल्लीत बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास यायचा, तिथे दुसरं काय होणार? डोळे मिटून खा, शाळा सुटल्यासारखं वाटतं.

पास्ता मात्र मऊ. जाम मऊ. इटलीत १९६७ पासून कायदाच आहे, की सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच हवा. हा गहू कडक, त्यामुळे पास्ता शिजल्यावरही दाताला किंचित लागतो. त्याचंच नाव ‘अल देन्ते’. आणि हे ड्युरम काही परग्रहावरचं नाही. आपल्या आज्या शेवयांसाठी ज्या बन्सी गव्हाचा आग्रह धरायच्या, तो ड्युरमच. आणि फॅन्सी सॅलडमध्ये ‘फार्रो’ म्हणून जो दाणा येतो, तो आपला खपली! थोडक्यात, अल देन्ते ओळखणारी जीभ आपल्या घरात होती. पण रेस्टॉरंटमध्ये आपल्याला पास्ता खिचडीसारखा हवा. काकांच्या किचनमध्ये तो सकाळीच उकडतात, तेलाचा हात लावून स्टीलच्या डब्यात ठेवतात आणि ऑर्डर आली की सॉसमध्ये दुसऱ्यांदा शिजवतात. मग दाताला लागणार काय, कपाळ?

मग आम्ही तिथे जात का होतो? २००४ साली, पहिल्या नोकरीच्या वेळी, आमच्या पाच जणांच्या गँगकडे पैसे कमी आणि कागदी मील कुपनं जास्त होती. काका ती कुपनं घ्यायचे. अंधेरीतल्या ऑफिसातून साडेआठला निघायचं, एक गार्लिक ब्रेड, दोन पास्ते, पाच प्लेटा, आणि अकरापर्यंत मुक्काम! अप्रेझलच्या शिव्या, बॉसच्या नकला, कोण कोणाबरोबर कॅन्टीनमध्ये दिसलं त्याचा पंचनामा, सगळं तिथेच. कुणी ‘और कुछ?’ म्हणून डोक्यावर उभं राहिलं नाही. कांदेपोहे झाल्यानंतर ‘एकदा बाहेर भेटूया’वाली जोडपीही तिथेच यायची. मुलगा काटा-चमचा कसा धरायचा ह्याच्या टेन्शनमध्ये, मुलगी स्पगेटी ऑर्डर केल्याच्या टेन्शनमध्ये. मामा अशांना न विचारता आतलं टेबल द्यायचे.

२००८ च्या मंदीत आमच्यातल्या एकाची नोकरी गेली. त्याने ते आईवडिलांच्या आधी आम्हाला सांगितलं, त्या तोकड्या पायाच्या टेबलावर. त्याने काहीच मागवलं नव्हतं. मामांनी त्याच्यासमोर मिनेस्ट्रोनी आणून ठेवलं, सोबत भाजलेला पाव. निघताना पाहिलं तर बिलात सूप नव्हतंच. विचारलं तेव्हा मामा म्हणाले, ‘उरलं होतं.’ रात्री आठ वाजता? ज्या सूपमध्ये फ्रीजमधली उरलेली प्रत्येक भाजी पडते ते सूप, आणि ते म्हणे उरलं होतं.

काकांची स्टोरी कळायला आणखी काही वर्षं गेली. एका पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या, मी रेस्टॉरंटमध्येच अडकले. साडेअकराला शटर अर्धं खाली आलं आणि स्टाफचं जेवण सुरू झालं. काका म्हणाले, ‘बस, तू पण खाऊन घे.’ प्लेटीत स्पगेटी. ना व्हाइट, ना रेड. तेलात बदामी झालेला लसूण, सुकी लाल मिरची, वर पास्ता उकडलेलं थोडं पाणी. दाताला अगदी हवं तेवढंच लागणारं. आलिओ ओलिओ! म्हणजे लसूण आणि तेल, बस. मी थक्क होऊन बघतच राहिले.

‘काका, हे कुठे शिकलात?’

‘जहाजावर.’

तरुणपणी काका इटालियन कंपनीच्या प्रवासी जहाजावर किचनमध्ये होते. नऊ-नऊ महिन्यांची कॉन्ट्रॅक्टं. पॅसेंजरांचं आटोपलं की रात्री इटालियन खलाशी स्वतःसाठी हेच करायचे. १९९६ मध्ये पिझ्झा हट आणि डॉमिनोज भारतात आले, दोन वर्षांत साठवलेले पैसे घालून काकांनी हा गाळा घेतला. पहिले सहा महिने सगळं जहाजावरच्यासारखं. प्लेटा परत यायच्या. पास्ता कच्चा आहे. सॉस कुठाय? ‘एक आजोबा म्हणाले, अहो, जरा अजून शिजवा, मला कवळी आहे.’ काका हसत होते. ‘मग शिजवला.’

‘पण हे मेन्यूवर का नाही?’

‘लसूण-तेल लावलेल्या शेवयांना पैसे कोण देणार गं?’

आज त्याच लसूण-तेलाला आपण काय मोजतो, ते तुमच्या गेल्या वीकेंडचं बिल सांगेल. आपण शिकलो. ट्रॅव्हल चॅनल पाहिले, हनिमूनला व्हेनिस करून आलो, २०१७ मध्ये नेपल्सच्या पिझ्झा बनवणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने मान दिला तेव्हा ती बातमी एकमेकांना फॉरवर्ड केली. लाकडाच्या भट्टीतला, कडा करपलेला, मध्ये ओलसर पिझ्झा मलाही प्रचंड आवडतो, खोटं कशाला बोलू? पण तिथे टेबल बुक करताना आधीच बजावतात, साडेसात ते नऊ. नऊला पाच कमी असताना एक गोड मुलगी बिलाचं फोल्डर घेऊन हजर. त्या दीड तासात कुणाची नोकरी गेल्याचं निघणार कसं?

काकांनी डिलिव्हरीही करून पाहिली. पण मैद्याच्या सॉसचं एक वाईट आहे. गरम असतो तोवर मखमल, गार झाला की मैद्यातलं स्टार्च घट्ट होतं आणि पास्त्याची वडी पडते. चाळीस मिनिटं स्कूटरवर फिरून आलेल्या डब्यातून चमचा उभा राहायचा. त्यावर अॅपचं कमिशन, वर लोकांचे दोन-दोन स्टार. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर तेवढाच काय तो धंदा होता. तेव्हा मामा गावी गेले होते. ते परत आले. गढवालचा उस्ताद दीड वर्षाने आला. त्या काळात काका स्वतः शेगडीवर उभे होते आणि काकू गल्ल्यावर.

आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये. सोसायटीच्या सह्या झाल्या. कागदावर सगळं व्यवस्थित आहे. काकांना नव्या इमारतीत गाळा मिळेल, मधल्या काळाचं भाडंही मिळेल. पण तीन वर्षं धरली आहेत, आणि मुंबईत बिल्डरची तीन वर्षं म्हणजे किती, ते तुम्हाला मी सांगायला नको. भाड्याच्या पैशात दुसरीकडे आठ टेबलं मांडता येणार नाहीत. मामांचं वय साठच्या पुढे. तीन वर्षं त्यांना पगार कशातून द्यायचा, हा काकांचा प्रश्न आहे. त्याला करारात कलम नाही. मुलगी कॅनडात, ती म्हणते, बाबा, पुरे आता. काकू म्हणतात, आधी गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्या. काका काहीच म्हणत नाहीत. परवा गेले तेव्हा ते नव्या गाळ्याचा नकाशा उलटासुलटा करून बघत होते. किचनला खिडकी नाही म्हणाले, धूर जाणार कुठून? ज्याला दुकान बंदच करायचंय, तो धुराची चौकशी कशाला करेल? की नुसती सवय? मामांना विचारलं तर त्यांनी पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाले, ‘व्हाइट की रेड?’

गँगपैकी दोघं आता पुण्याला, एक सिंगापूरला. गेल्या महिन्यात उरलेले आम्ही दोघं गेलो होतो, मी आणि तो सूपवाला. त्याने मिनेस्ट्रोनी मागवलं आणि मामांना म्हणाला, ‘आज बिलात लावा हां.’ लावलं. एकशे ऐंशी रुपये.

तुम्हालाही तुमच्या स्टेशनजवळच्या अशा ठिकाणी जायचं असेल, तर दिवाळीच्या आत जाऊन या. आमच्याकडे येणार असाल तर सोमवारी बंद. बालदीशेजारचं टेबल टाळा. गार्लिक ब्रेड दोन मागवा, एक पुरत नाही. रेडपेक्षा व्हाइट बरा, आणि आला की लगेच खा, फोटो नंतर काढा. मशरूमचं मामांना विचारा. आलिओ ओलिओ मागू नका, मिळणार नाही.