रडवणाऱ्या नटाला कोण सावरणार?

दिलीपकुमार यांचा ‘देवदास’ पाहून आपल्या वडीलधाऱ्यांनी किती अश्रू ढाळले, हे वऱ्हाडातल्या कुठल्याही मुस्लिम घरात विचारा. पण अशा भूमिकांनी युसुफ खान नावाच्या माणसाचे काय केले, ते फारसे कुणी सांगत नाही. नाशिकजवळच्या देवळालीत शिकलेला हा मुलगा पुढे ‘अंदाज’ (१९४९), ‘दीदार’ (१९५१), ‘दाग’ (१९५२) अशी एकामागून एक दुःखी माणसे जगत गेला. कॅमेरा बंद झाला तरी उदासी बंद होईना. शेवटी त्यांनी इंग्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञ गाठला. सल्ला साधा होता : हलक्याफुलक्या भूमिकाही करा. त्यांनी तो मानला, म्हणून ‘आझाद’ आणि ‘कोहिनूर’मधला खोडकर दिलीपकुमार आपल्याला मिळाला. गंमत म्हणजे ‘आझाद’ आणि ‘देवदास’ दोन्ही १९५५ चेच. म्हणजे त्यांनी दुःख सोडले नाही, त्याला जोड दिली.

मला मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. एवढ्या नावाच्या माणसाने हे सारे आत्मचरित्रात उघडपणे सांगितले. आपल्याकडे मुलगा महिनाभर गप्प झाला तर आधी नजर उतरवतात, मग आमिलकडे नेतात. डॉक्टरचे नाव काढले की ‘लोक वेडा म्हणतील’. दुआ जरूर करावी. पण साखर वाढली की आपण दुआही करतो आणि गोळीही घेतो, मग मनाच्या दुखण्याला वेगळा कायदा का?

काही जण म्हणतील, अभिनय करूच नका, तसेही आपल्यात तो चांगला मानत नाहीत. हे उत्तर नव्हे. अमरावती-अकोल्याची आपली मुले एकांकिका करतात, राज्य नाट्य स्पर्धेत उतरतात, काही मुंबई गाठतात. तिथे रोज चेहरा दाखवायचा आणि रोज नकार ऐकायचा. भाड्याची खोली शोधताना नाव सांगितले की समोरचा आवाज बदलतो, तो नकार वेगळाच. घरी फोनवर मात्र ‘सब ठीक है, अम्मी’.

याची सुरुवात शाळेच्या गॅदरिंगपासूनच होते. पोराला खरे रडता यावे म्हणून काही शिक्षक त्याला मेलेल्या आजीची आठवण काढायला लावतात. मला हे मुळीच पटत नाही. टाळ्या पडतात, पडदा पडतो, पुढचा कव्वालीचा आयटम सुरू होतो आणि ते पोर विंगेत एकटेच उभे असते. त्याचा मेकअप उतरवा, तोंड धुऊ द्या, भूमिकेच्या नावाने नव्हे तर त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारा, चहा-पोहे द्या, थोडी थट्टामस्करी होऊ द्या. याला ग्रँट लागत नाही.

मोठ्यांसाठी सरकारची ‘टेली-मानस’ सेवा २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६, फोन मोफत, बोलणे मराठीत, हिंदीतही. गॅदरिंगच्या पत्रिकेवर पाहुण्यांची एवढी नावे छापतो, खाली हा क्रमांकही मावेल.