गारगोट्यांचा तह

'पुरंदरच्या तहाची कलमे लिहा.' इतिहास म्हटला की बहुतेकांना असलेच प्रश्न आठवतात. सन १६६५, २३ किल्ले, ४ लक्ष होनांचा मुलूख. परीक्षा संपली की पाटी कोरी!

सातवीत आमच्या गुरुजींनी मात्र ३५ गारगोट्या मांडल्या. प्रत्येकीवर एका किल्ल्याचे नाव. म्हणाले, "२३ जयसिंगाला द्या, १२ ठेवा. कोणते ठेवाल?" नकाशापुढे वर्ग भांडू लागला. राजगड, तोरणा कुणालाच सोडवेना. कोंढाणा गेला तेव्हा सारे गप्प झाले. १६७० मध्ये तो परत का घेतला, हे मग शिकवावे लागले नाही.

पुढे गुरुजींची बदली झाली आणि तो पाठही त्यांच्याबरोबर गेला. कुणी उतरून घेतलाच नव्हता.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येक जण उद्या शिक्षक होतील. इतिहास विभागात एक वही ठेवावी. असे पाठ, नकाशे, प्रश्न आठवतील तसे लिहावेत, हवे त्याने उतरून न्यावेत. उसना पाठ रंगत नाही, असे कुणी म्हणेल. पण गारगोट्या त्याच असल्या तरी प्रत्येक वर्ग आपले १२ किल्ले निराळेच निवडील!

वहीतला पहिला पाठ मी लिहून देतो.